शुश्रूषा शिकणारांची कंबर

गेल्या दिवाळींत माझी नात घरीं आली होती. ती परिचर्येचें शिक्षण घेत आहे. पाण्याची बादली उचलावयास ती वाकली आणि क्षणभर तशीच थांबली. मी विचारतांच म्हणाली, "कांहीं नाहीं, आजोबा, आमच्या वर्गांत पुष्कळांची कंबर दुखते." हें 'कांहीं नाहीं' मला स्वस्थ बसूं देईना.

कंबरेंत कण्याचे पांच मणके असतात व त्यांच्यामध्यें लवचिक चकत्या असतात. प्रौढपणीं या चकत्यांत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. आपल्या हालचालींमुळें आंतबाहेर होणाऱ्या द्रवानें त्यांच्या पोषणास हातभार लागतो. आतां या विद्यार्थ्यांचा दिवस पाहा. सकाळीं वॉर्डांत रुग्णांस उचलणें व कुशीवर वळविणें. दंतवैद्यक शिकणारा तर तासन्‌तास वांकलेला. रात्रीं परीक्षेसाठीं पुस्तकावर निश्चल बसणें. त्यांत अपुरी झोप आणि चिंता वेदनेस धार चढवितात.

तथापि दुखणें निराळें आणि अक्षमता निराळी. ती मोजण्यासाठीं इंग्लंडांतील ऑस्वेस्ट्री गांवच्या नांवाची प्रश्नावली १९८० सालीं प्रसिद्ध झाली. चालणें, बसणें, उभें राहणें, उचलणें, झोप, प्रवास इत्यादि दहा बाबींस प्रत्येकीं शून्य ते पांच गुण द्यावयाचे. बेरजेची दुप्पट म्हणजे शेंकडेवारी. २० पर्यंत अक्षमता अल्प, २१ ते ४० मध्यम. आम्हां शिक्षकांच्या परीक्षेच्या उलट, येथें गुण कमी तितकें बरें!

नातीची बेरीज १२ आली; म्हणजे शेंकडा २४. तेव्हां कोठें ती बोलती झाली. अर्धा तासही तिला बसवत नव्हतें. परंतु या कामास अयोग्य ठरूं, या भीतीनें तिनें शिक्षकांस सांगितलें नव्हतें.

बहुतेक कंबरदुखीस एकच निश्चित कारण सांपडत नाहीं, आणि ती पुष्कळदां कांहीं आठवड्यांत ओसरते. दीर्घकाळ अंथरुणास खिळून राहण्याचा जुना उपदेश आतां मागें पडला आहे. झेपेल तितकें हिंडावें, नियमित व्यायाम करावा, अभ्यासांतून मधून मधून उठावें. रुग्णास एकट्यानें उचलूं नये. सोबती किंवा साधन घ्यावें. मात्र पायांत अशक्तपणा, जांघेंत बधिरता अथवा लघवीवरील ताबा सुटणें, यांपैकीं कांहीं दिसल्यास तत्काळ डॉक्टर गांठावा.

घरांत असा विद्यार्थी असेल, तर 'कंबर दुखते का?' एवढेंच विचारूं नका. 'त्यामुळें काय करवत नाहीं?' असें विचारा, आणि उत्तर शांतपणें ऐका.