आजोबांची पलटण

१६ नोव्हेंबर १९२१ रोजी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या पळसगावात, एका शेतकऱ्याच्या घरी मुलगा जन्मला. दोनच दिवसांनी, १८ नोव्हेंबरला, नगर जिल्ह्यातल्या निमज गावी दुसरा. दोघांच्या गावांमध्ये सह्याद्री उभा. दोघेही पुढे मराठा पलटणीत भरती झाले, दोघेही इटलीत लढले आणि दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. त्यातला एक बावीस वर्षांचा असताना इटलीतच पडला. दुसरा घरी परतला आणि बासष्टाव्या वर्षी, १९८४ साली, पुण्यात वारला. पहिले नाईक यशवंत घाडगे, दुसरे नामदेव जाधव.

आमच्या खारीत बसून त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं, त्यामागे एक हळहळ आहे. भाईंदर पूर्वेचं हे गाव मूळचं आगरी वस्तीचं, मिठागरांच्या कुशीतलं. गेल्या काही दशकांत भोवती इमारती उभ्या राहिल्या आणि रायगड, रत्नागिरी, सातारा, नगरकडची बिऱ्हाडं इथे आली. गावच्या घरातून येताना भांडीकुंडी आली, देव आले, आणि काही घरांत माळ्यावर एक लोखंडी पेटीही आली. काळ्या रंगाची, वर पांढऱ्या अक्षरात नंबर, हुद्दा, नाव. पलटणीतल्या आजोबांची. नातवंडांना आजोबांचं सगळं ठाऊक असतं: पहाटे चारला उठायचे, चहा पितळी मगातून घ्यायचे, चादरीची घडी कधी वाकडी पडू द्यायचे नाहीत. गाव त्यांना ‘मेजर’ म्हणायचं, मग ते हवालदार म्हणून निवृत्त झालेले का असेनात. पण कुठली पलटण, कुठली लढाई, असं विचारलं की घर गप्प होतं. ‘मिलिटरीत होते’, इथेच गोष्ट संपते. ती इथे संपू नये, एवढंच मला म्हणायचं आहे.

घाडगे मराठा रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीत होते. तेव्हाच्या लिहिण्यात ती ३/५ मराठा. जाधव पहिल्या पलटणीत, १/५ मराठा. पहिली पलटण १७६८ सालची, मुंबईच्या जुन्या शिपाई पलटणींपैकी. जवान तिला ‘जंगी पलटण’ म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धात चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजन इटलीत लढल्या. सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक त्या मोहिमेत होते, त्यातले ५,७८२ परतले नाहीत. इटलीत एकूण वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांपैकी सहा हिंदी सैनिकांना. त्या सहांतले दोन आपले हे.

१० जुलै १९४४. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, डोंगराळ मुलखात, घाडगे यांच्या कंपनीने जर्मनांच्या भक्कम मोर्चावर हल्ला चढवला. घाडगे एका सेक्शनचे कमांडर, म्हणजे हाताखाली मोजकी माणसं. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्यांच्याखेरीज सेक्शनमधला एकूण एक जवान ठार किंवा जखमी झाला. मागे वळायला कुणी नाव ठेवलं नसतं. ते एकटे धावत गेले. आधी हातबॉम्ब टाकला, त्यात मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही संपले. मग टॉमीगनने आणखी एकाला टिपलं. मॅगझिन रिकामं झालं, नवं चढवायला वेळ नव्हता. बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. तेवढ्यात दडून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. त्यांची कबर किंवा समाधी कुठेच नाही. नाव कासिनो इथल्या स्मारकावर कोरलेलं आहे. माणगावात त्यांचा पुतळा आहे. आणि जुलै २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या डोंगरावरच्या जुन्या गावाने त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचं लॅटिन ब्रीद त्यासाठी निवडलं आहे. परक्या मुलखातल्या गावाने एका कोकणी शेतकऱ्याच्या मुलाची एवढी आठवण ठेवावी, हे वाचून मन भरून येतं.

नऊ महिन्यांनी, ९ एप्रिल १९४५ ला, सेनिओ नदीवर जाधवांची पाळी आली. ते साधे शिपाई, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप घेऊन धावणारा जवान. सेनिओ रुंदीला फार नाही, पण दोन्ही काठांवर पुराचं पाणी अडवायला उंच मातीचे बांध घातलेले, आणि जर्मनांनी त्या बांधांतच मोर्चे खोदलेले. पूर्वेकडच्या बांधावर हल्ला करताना जाधवांची छोटी तुकडी जवळजवळ कापली गेली. त्यांनी एका जखमीला उचललं, खोल पाण्यातून, उभ्या चढणीवरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. परत गेले, दुसऱ्याला आणलं. मग मेलेल्या सोबत्यांचा हिशेब चुकता करायला एकटेच मशीनगनवर धावले. पहिली गप्प केली. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तर ती फेकून दिली आणि हातबॉम्ब घेतले. ते संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर गेले, पलीकडच्या उतारावरल्या सोबत्यांकडून आणखी घेतले आणि उरलेले दोन मोर्चे उडवले. शेवटी बांधावर ताठ उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि बाकीच्या कंपन्यांना हाताने पुढे बोलावलं.

त्याच दिवशी, त्याच नदीवर, फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनीही व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. ते कोहाट भागातले. फाळणीनंतर ते पाकिस्तानात राहिले आणि १९९९ साली वारले. एका नदीच्या काठावरले दोन आजोबा, पुढे दोन देशांत म्हातारे झाले.

२ मे १९४५ ला इटलीतली लढाई थांबली. म्हणजे जाधवांच्या त्या दिवसानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी. घाडगे यांच्यासारखे असंख्य जवान आजोबा झालेच नाहीत, आणि जाधवांसारखे जे झाले, त्यांच्यातले बहुतेक या दिवसांबद्दल फारसं बोलले नाहीत. मला तो अबोला समजतो. हातातल्या बंदुकीच्या दस्त्याने माणूस मारल्याची गोष्ट अंगणात नातवाला मांडीवर घेऊन कशी सांगायची? शिवाय स्वातंत्र्यानंतर या शिपायांना एक अवघड प्रश्न विचारला जायचा: इंग्रजांसाठी का लढलात? त्याचं उत्तर बहुतेकांच्या घरच्या सातबाऱ्यात होतं. कोकणातली खडकाळ जमीन, नगरकडचे दुष्काळ, दर महिन्याला येणारी मनिऑर्डर. त्यात कमीपणा मानायचं कारण मला तरी दिसत नाही.

तोंडून जे निघालं नाही, ते पेटीत मात्र असतं. महायुद्धातल्या आजोबांच्या पेटीत सहा टोकांची पिवळसर चांदणी सापडते. मधोमध मुकुट आणि राजाची मुद्रा, भोवतीच्या गोल पट्टीत इंग्रजीत मुलखाचं नाव. ते नाव वाचलं की निम्मं काम झालं. आफ्रिका, इटली, बर्मा, प्रत्येक आघाडीची चांदणी वेगळी. नाव झिजलं असेल तर फितीकडे पाहावं. इटलीच्या फितीत लाल, पांढरा आणि हिरवा हे इटलीच्या झेंड्याचे रंग; बर्माच्या फितीत मधे रुंद लाल पट्टा, दोन्हीकडे गडद निळा आणि नारिंगी. फिती जुन्या झाल्या म्हणून फेकू नयेत, आणि पदकं चिंचेने किंवा पॉलिशने चकचकीत करू नयेत. पदकाच्या कडेला नंबर आणि नाव बारीक कोरलेलं असेल तर तेच आधी झिजतं.

पदकापेक्षाही मोलाचं असतं ते डिस्चार्ज बुक. ते बहुधा कापडात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, पेन्शनच्या कागदांखाली ठेवलेलं असतं. त्यात भरतीची तारीख असते, नंबर, ट्रेड, उंची, अंगावरच्या खुणा, वारसाचं नाव, केलेले कोर्स, मिळालेली पदकं, सेवा का संपली त्याचं कारण आणि वर्तणुकीचा शेरा. ‘डाव्या भुवईवर व्रण’ असं वाचताना नातवाला आजोबांचा वीस वर्षांचा चेहरा दिसू लागतो. त्या पानांचे फोटो आजच काढून ठेवावेत. भाईंदरच्या दमट हवेत तो कागद फार टिकत नाही.

हातात नंबर असला की पुढचा रस्ता सरळ आहे. मराठा रेजिमेंटच्या जवानांची नोंद बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात, बॉम्बे सॅपर्सची खडकीला, महार रेजिमेंटची मध्य प्रदेशात सागरला. प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय असतं, आपल्याला ठाण्याचं जवळ. महायुद्धात जे परतलेच नाहीत त्यांची नावं राष्ट्रकुलाच्या युद्धसमाधी आयोगाच्या नोंदीत शोधता येतात. पहिल्या महायुद्धाच्या नोंदी ऑगस्ट १९२१ पर्यंतच्या आहेत, दुसऱ्याच्या डिसेंबर १९४७ पर्यंतच्या. नावाचं इंग्रजी स्पेलिंग त्या काळच्या कारकुनाने कानाला वाटलं तसं लिहिलेलं असतं, तेव्हा जाधवचे चार प्रकार करून पाहावेत आणि गावाच्या नावावरून खात्री करावी.

पलटण सापडली की आजोबांची गोष्ट त्यांच्या निवृत्तीपाशी थांबत नाही, कारण पलटण पुढे चालत राहते. घाडगे यांची तिसरी पलटण पुढे हवाई छत्रीदलात गेली. तिथे ती दुसरी पॅरा (मराठा) झाली. जाधवांची जंगी पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच पहिली पलटण राहिली. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात जंगी पलटण लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली जमालपूरला वेढा घालून होती. ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरणागतीचं पत्र पाठवलं, तर पाकिस्तानी कमांडरने नकाराच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. त्यानंतर जमालपूर पडलं. ११ डिसेंबरला दुसरी पॅरा टांगाईलजवळ विमानांतून उतरली आणि तिने पूंगलीचा पूल धरला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जमालपूरहून दौडत आलेली जंगी पलटण त्या पुलावर तिला येऊन मिळाली. इटलीत ज्या दोन पलटणींतून घाडगे आणि जाधव लढले, त्यांचे वारस सत्तावीस वर्षांनी एका पुलावर भेटले. १६ डिसेंबरला दुसरी पॅरा ढाक्यात शिरली.

महायुद्धातले आजोबा आता जवळपास सगळेच गेले. पण १९७१ साली विशीत असलेले जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहेत. मीरा-भाईंदरच्या एखाद्या इमारतीत खालच्या बाकावर ते संध्याकाळी बसलेले असतील. त्यांना ‘युद्धात काय केलंत’ असं एकदम विचारलं तर ते हसून विषय बदलतील. त्याऐवजी विचारावं: भरती कुठे झाली? घरून कोण सोडायला आलं होतं? ट्रेनिंगचा उस्ताद कुठला होता? लंगरमध्ये काय मिळायचं? पहिली सुट्टी कधी मिळाली, गाडी कुठे बदलावी लागायची? पलटणीत बाजूच्या खाटेवर कोण झोपायचं, आणि तो आता कुठे आहे? या शेवटच्या प्रश्नावर बहुधा माणूस बोलू लागतो. फोनवर आवाज नोंदवून ठेवावा, तारीख सांगून. मग पदकं दाखवायला सांगावीत. ‘पूर्वी स्टार’ हे पदक असेल तर ते बांगलादेशच्या आघाडीवर होते, ‘पश्चिमी स्टार’ असेल तर पाकिस्तानच्या पश्चिम सरहद्दीवर. पूर्वी स्टार निघाला आणि पलटण पहिली मराठा असेल, तर त्यांना पूंगलीच्या पुलाबद्दल जरूर विचारा.