शितावरून भाताची परीक्षा : नव्या जपानी मालिकेचा पहिला भाग



वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये, आपल्या शाळेच्या वरच्या वर्गांत मधल्या सुट्टीतल्या गप्पांचा विषय बदलतो. क्रिकेट थोडे मागे पडते आणि "पहिला भाग पाहिलास का?" असे ऐकू येऊ लागते. ही चर्चा असते जपानी ॲनिमे मालिकांची. दोन दिवसांत निकालही लागतो. एक मालिका "भारी", दुसरी "बोअर", तिसरीला दहापैकी चार गुण. पालकांचा निकाल तर त्याहूनही लवकर लागतो. खोलीतून जाता जाता पडद्यावर नजर पडते, आणि "मोठ्या डोळ्यांचे कार्टून, दुसरे काय!" एवढ्यावर विषय मिटतो.

आपल्याकडे म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. म्हण खोटी नाही. पण ती खरी ठरते ती एका कारणामुळे. एका भांड्यातला सगळा भात एकाच आचेवर, एकाच पाण्यात शिजतो, म्हणून एक शीत दाबून पाहिले तरी पुरते. मालिकेचा पहिला भाग असे शीत आहे का? या लेखात मला एवढेच पाहायचे आहे. त्यासाठी ऑक्टोबर २०२३ च्या हंगामातल्या दोन मालिकांचे पहिले भाग उदाहरणादाखल घेतो.

हंगाम म्हणजे काय?

आपल्याकडची दैनंदिन मालिका एकदा सुरू झाली की वर्षानुवर्षे चालते. जपानमध्ये बहुतेक ॲनिमे मालिकांचा कारभार निराळा असतो. तिथे दूरदर्शनचे वर्ष तीन-तीन महिन्यांच्या चार भागांत वाटलेले आहे. एका भागात आठवड्याला एक याप्रमाणे साधारण बारा-तेरा भाग दाखवले जातात. प्रत्येक भाग सुमारे २४ मिनिटांचा. त्यातली सुरुवातीच्या आणि शेवटच्या गाण्यांची दीड-दीड मिनिटे वजा केली, तर कथेला जेमतेम २१ मिनिटे उरतात.

दर हंगामात डझनावारी नव्या मालिका एकदम येतात. मालिकेचा खर्चही बहुधा एकटी कंपनी करत नाही. पुस्तकाचा प्रकाशक, दूरदर्शन वाहिनी, संगीत कंपनी, खेळणी करणारे असे अनेक जण मिळून समिती बनवतात आणि पैसा घालतात. प्रेक्षकाने पहिल्याच आठवड्यात पाठ फिरवली तर सगळ्यांचे नुकसान. त्यामुळे पहिल्या भागावर विशेष मेहनत घेतली जाते. चांगली चित्रे, मोठी लढाई, शेवटी एखादा धक्का. लग्नात पहिल्या पंगतीला वाढताना आग्रह जास्त असतो, तसेच हे. पहिली पंगत पाहून शेवटच्या पंगतीचा अंदाज करू नये, हे जाणत्यांना ठाऊक असतेच.

एक गोष्ट मोठ्या मंडळींसाठी. "यात चित्र नीट हलतच नाही" अशी तक्रार होते. त्यामागे इतिहास आहे. ओसामु तेझुका यांची "ॲस्ट्रो बॉय" ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानमध्ये सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग तयार करायचा आणि हाती पैसा थोडा. चित्रपटात एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. तेझुकांच्या मंडळींनी एकच चित्र तीन चौकटी धरून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे सेकंदाला आठच चित्रे. जिथे चालेल तिथे नुसते ओठ किंवा नुसते डोळे हलवले. काटकसरीतून आलेली ही पद्धत पुढे शैली बनली. स्थिर चित्र, शांतता आणि वाऱ्याचा आवाज यांतून भाव दाखवण्याची कला तिथूनच वाढत गेली.

पहिले उदाहरण : फ्रीरेन

"सोसो नो फ्रीरेन" ही मालिका २९ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. मूळ चित्रकथा कानेहितो यामादा यांची, चित्रे त्सुकासा आबे यांची. मालिका मॅडहाउस या संस्थेने काढली आणि दिग्दर्शन केइइचिरो साइतो यांनी केले. पहिल्याच दिवशी एक नव्हे, चार भाग सलग दाखवले गेले, तेही शुक्रवारी रात्री एरवी चित्रपट दाखवला जातो त्या वेळेत. एका भागाने या कथेची ओळख पटणार नाही, हे दाखवणाऱ्यांनीच ओळखले होते असे मला वाटते.

नेहमीच्या कथा जिथे संपतात तिथे ही कथा सुरू होते. वीर हिमेल, धर्मगुरू हायटर, बुटका योद्धा आयझेन आणि जादूगार फ्रीरेन असे चौघे दहा वर्षांच्या प्रवासानंतर राक्षसराजाला मारून परत येतात. सत्कार होतो. रात्री आकाशात उल्कांचा वर्षाव दिसतो. तो पन्नास वर्षांतून एकदाच होतो. फ्रीरेन सहज म्हणते की पुढच्या वेळी याहून चांगल्या जागेवरून दाखवीन. बाकीचे तिघे क्षणभर गप्प होतात. कारण फ्रीरेन हजार वर्षांहून अधिक जगलेली आहे, आणि पन्नास वर्षे तिच्या हिशेबी फार नाहीत.

ती खरोखर पन्नास वर्षांनी येते. हिमेल आता टक्कल पडलेला, पांढऱ्या दाढीचा, ठेंगणा म्हातारा झालेला असतो. चौघे मिळून उल्का पाहतात. त्यानंतर लवकरच हिमेल जातो. अंत्यविधीला फ्रीरेनच्या डोळ्यांत पाणी नाही म्हणून लोक कुजबुजतात. मग तिला कळते की दहा वर्षे बरोबर चाललो, पण या माणसाला जाणून घेण्याचा आपण प्रयत्नच केला नाही. तेव्हा तिला रडू कोसळते. हे सगळे पहिल्याच भागात घडते. नावातला "सोसो" हा जपानी शब्द मृताला शेवटचे पोचवण्यासाठी वापरतात. पात्रांची नावे मात्र जर्मन आहेत. हिमेल म्हणजे आकाश, आयझेन म्हणजे लोखंड, फ्रीरेन म्हणजे गोठणे.

आता प्रथमदर्शनी मत काय होते? लढाईची अपेक्षा ठेवून बसलेल्याला हा भाग संथ वाटतो. राक्षसराजाशी झालेले युद्ध तर दाखवलेलेच नाही. "बोअर" हा शेरा इथेच पडतो. पण तो शेरा मालिकेविषयी थोडे सांगतो आणि आपल्या अपेक्षेविषयी जास्त. नीट पाहणाऱ्याला पहिल्याच भागात एक प्रश्न मिळतो : पन्नास वर्षे किती असतात? या पहिल्या पर्वाचे एकूण २८ भाग झाले आणि ते मार्च २०२४ मध्ये संपले. म्हणजे साधारण अकरा तासांची कथा. तिच्यातली २४ मिनिटे पाहून आपण गुण देतो. पुढे दुसरे पर्वही आले.

दुसरे उदाहरण : माओमाओ

त्याच हंगामात "कुसुरिया नो हितोरिगोतो" ही मालिका आली. नावाचा अर्थ औषध करणाराचे स्वगत. हिचेही पहिले तीन भाग एकदम दाखवले गेले. स्थळ आहे जुन्या चीनसारखा एक काल्पनिक देश. माओमाओ नावाची, औषधांचे ज्ञान असलेली मुलगी पळवली जाते आणि राजवाड्यातल्या अंतःपुरात दासी म्हणून विकली जाते. तिथे राजाची तान्ही मुले आजारी पडत असतात. कोणी म्हणते शाप आहे. माओमाओ दुरून लक्षणे पाहते आणि कारण ओळखते. राण्या चेहऱ्याला लावतात त्या पांढऱ्या भुकटीत शिसे आहे. ती गुपचूप कापडावर सूचना लिहून पाठवते. एक राणी ऐकते, तिची मुलगी वाचते. दुसरीचा मुलगा जातो.

दारातून डोकावणाऱ्या पालकांना इथे काय दिसेल? राण्या, दागिने, रुसवेफुगवे. आपल्या संध्याकाळच्या मालिकांसारखेच काहीतरी, असे वाटेल. प्रत्यक्षात ही शोधकथा आहे आणि तिच्या मुळाशी रसायनशास्त्र आहे. शिशाची पांढरी भुकटी चीन-जपानमध्ये पूर्वी सौंदर्यासाठी खरोखर वापरत असत. शिसे लहान मुलांच्या मेंदूला आणि मज्जासंस्थेला इजा करते. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या काही सुरम्यांतही तपासणीत शिसे आढळलेले आहे. नववी-दहावीच्या मुलांनी हा धागा विज्ञानाच्या शिक्षकांकडे जरूर न्यावा.

त्याचबरोबर हेही सांगितले पाहिजे की या मालिकेतले अंतःपुराचे वातावरण लहान मुलांसाठी नाही. इथे पालकांची दक्षता रास्तच आहे.

मत उलटते तेव्हा

ॲनिमे पाहणाऱ्या मुलांमध्ये एक अलिखित नियम आहे : तीन भाग पाहिल्याशिवाय मालिका सोडू नये. या नियमाच्या संदर्भात जानेवारी २०११ मधल्या "मादोका मागिका" या मालिकेचे नाव हमखास निघते. पहिल्या भागात गुलाबी रंग, शाळकरी मुली, जादूचा गोड प्राणी. तिसऱ्या भागाच्या शेवटी असे काही घडते की ही कथा गोड नाही, भयंकर आहे, हे कळते. जो पहिल्या भागावरून "बालिश" म्हणून उठला तो चुकला, आणि ज्याने तेवढ्यावरून लहान भावंडांना ती लावून दिली तो त्याहून जास्त चुकला. म्हणजे घाईचे मत दोन्ही बाजूंनी फसवते. चांगले टाकून देते आणि नको ते घरात आणते.

पालकहो, "हे परके आहे" असे म्हणण्यापूर्वी एक आठवण करून देतो. नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी आपल्यापैकी अनेकांनी दूरदर्शनवर हिंदीत मोगली पाहिला असेल. शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे. ती ५२ भागांची मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेची होती, म्हणजे ॲनिमेच. आणि मोगलीचे जंगल कुठले? आपल्याच मध्य प्रदेशातल्या सिवनीचे.

प्रथमदर्शनी मत कसे लिहावे

पहिले मत देऊच नये असे माझे म्हणणे नाही. पहिले मत ताजे असते, प्रामाणिक असते. फक्त त्यावर "पहिले" अशी चिठ्ठी हवी आणि खाली कारण हवे. मुलांनो, पुढच्या हंगामात एवढे करून पाहा.

१. आधी जे दिसले ते लिहा, आवडले-नावडले नंतर. "कंटाळवाणे" हे दिसत नाही. "पाच मिनिटे कोणी बोलले नाही" हे दिसते.

२. या भागाने कोणता प्रश्न मनात ठेवला, तो एका वाक्यात लिहा. प्रश्नच उरला नसेल तर तेही लिहा.

३. चकचकीत चित्रे आणि गाणे बाजूला ठेवून पाहा. उरलेली गोष्ट आजीला सांगता येईल का?

४. मताखाली तारीख घाला. तीन भाग झाल्यावर त्याखालीच दुसरे मत लिहा. पहिले खोडू नका. दोन्हींतले अंतर हाच तुमचा अभ्यास.

५. हे सर्व मराठीत लिहा. आपली मुले घरी मराठी बोलतात, रस्त्यावर हिंदी, आणि या मालिका पाहताना खालची इंग्रजी अक्षरे वाचतात. मत मात्र "भारी" आणि "बोअर" या दोन शब्दांतच संपते. माझे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले आहे, म्हणून अनुभवाने सांगतो की ज्या भाषेत आपण कारणे देत नाही, ती भाषा हळूहळू फक्त जेवायला बोलावण्यापुरती उरते.

पालकांना दोन सूचना. भारतात २०२१ च्या नियमांनुसार इंटरनेटवरील मालिकांना वयाचे वर्गीकरण दाखवावे लागते : सर्वांसाठी, ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील, १६ वर्षांवरील आणि प्रौढांसाठी. ते आधी पाहा. दुसरे म्हणजे, बंदी घालण्यापूर्वी किंवा परवानगी देण्यापूर्वी एक पूर्ण भाग मुलाशेजारी बसून पाहा. २४ मिनिटे लागतात.

विश्वस्त मंडळींना विनंती अशी की वाचनालयाबाहेरील भित्तिपत्रकाचा एक कोपरा "पहिले मत, दुसरे मत" या सदरासाठी द्यावा. मालिका, पुस्तक, नाटक, काहीही चालेल. मात्र कारण आणि तारीख हवीच.

शेवटी पुन्हा फ्रीरेनकडे येतो. दहा वर्षे सोबत असलेल्या माणसाविषयी तिने जे मत धरले ते तिने कधी तपासलेच नाही, कारण वेळ भरपूर आहे असे तिला वाटत होते. आपल्या अनेक घरांत एखादी आजी किंवा आजोबा असे आहेत, ज्यांना आपले मूळ गाव, इथे आलेली पहिली पिढी, जुने शब्द, सगळे ठाऊक आहे. "त्याच त्याच गोष्टी सांगतात" हे त्यांच्याविषयीचे आपले प्रथमदर्शनी मत. मुलांनो, निदान त्यांचे तरी तीन भाग पाहा, आणि पुढच्या सुट्टीची वाट न पाहता या रविवारीच सुरुवात करा.

आपला,
प्राचार्य