सुट्ट्यांची यादी आणि आपला धंदा

वर्ष संपत आले की राज्य सरकार पुढच्या वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्यांची यादी जाहीर करते. जुळे सोलापूरसारख्या नोकरदारांच्या वस्तीत ही यादी आवडीने वाचली जाते. किती सुट्ट्या रविवारी वाया गेल्या आणि कुठली सुट्टी शनिवारला जोडून आली, याचा हिशेब घरोघरी होतो. आपले व्यापारी आणि कारागीर बांधव मात्र त्या यादीकडे फारसे लक्ष देत नाहीत. "आपल्याला कसली आली सुट्टी" असे म्हणून विषय संपतो. वास्तविक ही यादी जितकी सणांची आहे तितकीच देण्याघेण्याची आहे, आणि तिच्याकडे पाठ फिरवणाऱ्याचे नुकसान होते.

यादीत कोण कोण आहे?

महाराष्ट्राच्या २०२५ च्या यादीत २४ सार्वजनिक सुट्ट्या होत्या. गुढीपाडवा, गणेश चतुर्थी, दसरा, दिवाळी हे सण त्यात आहेत. रमजान ईद, बकरी ईद, मोहरम आणि ईद-ए-मिलाद या चार सुट्ट्या आपल्या आहेत. शिवाय महावीर जयंती, बुद्ध पौर्णिमा, गुरु नानक जयंती, गुड फ्रायडे, नाताळ आणि पारशी नववर्ष आहे. पारशी समाज संख्येने किती लहान! तरीही त्यांच्या नववर्षाला राज्याची कचेरी बंद राहते. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गांधी जयंती आणि १ मे हे दिवस सर्वांचे आहेत.

याखेरीज जिल्हाधिकाऱ्यांना वर्षात तीन स्थानिक सुट्ट्या देता येतात. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषा नांदणाऱ्या सोलापुरात राज्याच्या यादीने सगळ्यांचे भागत नाही. जानेवारीत सिद्धेश्वर महाराजांची गड्ड्याची यात्रा असते. नारळी पौर्णिमेला पद्मशाली बांधवांचा मार्कंडेय रथोत्सव असतो. त्या दिवशी विणकर मागावर बसणार नाही, हे कारखानदाराला कुणी सांगावे लागत नाही. मालेगावच्या मागांनी तर आपला आठवड्याचा दिवसच वेगळा ठरवला. तिथे शुक्रवारी माग बंद असतात. म्हणजे सरकारी यादीच्या आधीपासून बाजाराची स्वतःची एक यादी असते.

कायदा काय म्हणतो?

बँका ज्या सुट्ट्या पाळतात त्या १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्यातील कलम २५ प्रमाणे जाहीर होतात. या कलमातली एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. वचनचिठ्ठी किंवा हुंडी यांची मुदत सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी भरत असेल, तर ती त्याच्या आधीच्या कामाच्या दिवशी भरली असे धरतात. बाजारात समज नेमका उलटा आहे, की सुट्टी आली म्हणजे एक दिवस मिळाला. २०२५ चे उदाहरण घ्या. रमजान ईद सोमवारी ३१ मार्चला होती आणि आदल्या दिवशी रविवार व गुढीपाडवा होता. ज्याची मुदत ३१ मार्चला भरत होती, त्याचे देणे कायद्याने शनिवारी २९ मार्चलाच उभे राहिले. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी बंद. ऐन ईदच्या खरेदीत ज्याने रोकड अडकवून ठेवली, त्याची किती धावपळ झाली असेल!

आता निधी पाठवण्याची सोय पुष्कळ सुधारली आहे. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून सुट्टीच्या दिवशीही चालते. पण धनादेशाचे काम बँकेच्या दिवसावरच अवलंबून आहे, आणि आपल्या धंद्यात पुढच्या तारखेचे धनादेश अजून थोडे नाहीत. तारीख लिहिताना यादी समोर असावी.

चांद आणि पंचांग

आपले हिजरी वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणून आपले सण इंग्रजी वर्षात दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येतात आणि साधारण ३३ वर्षांत पूर्ण फेरा होतो. हिंदू पंचांग अधिक महिना धरून ऋतूंशी मेळ ठेवते. त्यामुळे या दोन समाजांचे सण अधूनमधून एकमेकांसमोर येणारच. त्याला कुणाची खोडी समजू नये.

अशा वेळी काय करावे, याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. २०२३ मध्ये बकरी ईदची सुट्टी यादीत २८ जूनला होती. चांदाप्रमाणे ईद २९ जूनला ठरली आणि सरकारने सुट्टी बदलली. त्याच दिवशी आषाढी एकादशी होती. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात. तिथल्या आणि इतर अनेक गावांतल्या मुस्लिम बांधवांनी त्या दिवशी कुर्बानी न करता ती पुढच्या दिवसावर नेली. शरीयतने कुर्बानीला एकापेक्षा अधिक दिवस दिलेले आहेत, त्यामुळे दीनही सांभाळला गेला आणि शेजारही. त्याच वर्षी ईद-ए-मिलाद आणि अनंत चतुर्दशी २८ सप्टेंबरला एकत्र आली. मुंबईत खिलाफत कमिटीने जुलूस एक दिवस पुढे नेला, आणि सरकारने २९ सप्टेंबरला सुट्टी जाहीर केली. २०२४ मध्ये मोहरम आणि आषाढी दोन्ही १७ जुलैला आल्या.

२०२५ मध्ये मात्र एक नवा पेच दिसला. मुंबई शहर आणि उपनगरात मिलादची सुट्टी ५ सप्टेंबरऐवजी ८ सप्टेंबरला गेली, पण इतर जिल्ह्यांत ती ५ लाच राहिली. ज्यांचा माल मुंबईच्या पेढीवर जातो, त्यांनी एकाच राज्यात दोन तारखा सांभाळल्या. असा बदल समजुतीने होतो, त्याचे स्वागतच आहे. फक्त तो आठवडाभर तरी आधी कळावा, अशी मागणी व्यापारी संघटनांनी सरकारकडे लावून धरली पाहिजे.

सुट्टी कोणाच्या पदरात?

पगारदाराला सुट्टीचा पगार मिळतो. तुकड्यावर काम करणाऱ्याचे काय? माग चालवणारा, गणवेश शिवणारा, टॉवेलच्या कडा शिवणारी, विडी वळणारी बहीण, यांचा हात थांबला की कमाई थांबते. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे (२०१७) कामगाराला वर्षात आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. त्यात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे चार दिवस ठरलेले. बाकीचे चार मालक आणि कामगार यांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायचे. त्या दिवशी कामावर बोलावले तर दुप्पट मजुरी आणि बदली सुट्टी द्यावी लागते. पण हा कायदा मुख्यतः वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी लागू. आपली बहुतेक दुकाने आणि घरगुती कामे त्याखाली येत नाहीत. तिथे कायद्याऐवजी मालकाचे इमान चालते.

त्या कायद्यातली "आपसात ठरवा" ही गोष्ट मला मोलाची वाटते. चार गडी असतील तिथेही ती पाळता येईल. दोघे ईदला घरी राहतील, तेव्हा दुसरे दोघे दुकान सांभाळतील. दिवाळीला उलट. दिवाळीचा बोनस सर्वांना देण्याची रीत आपल्याकडे आहेच. ज्याचा सण त्याच्या आधी त्याला उचल मिळाली, तर तो सावकाराच्या दारात जाणार नाही. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही आपल्याला शिकवण आहे. ती सणाच्या आदल्या दिवशी आठवली पाहिजे.

सुट्ट्या फार झाल्या, अशी तक्रारही ऐकू येते. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका याचिकेत सांगितले की सार्वजनिक सुट्टी हा कुणाचा मूलभूत हक्क नाही, उलट सुट्ट्या कमी करण्याची वेळ आली असावी. सिंगापूरने १९६८ मध्ये तसे केले. प्रत्येक समाजाला आपल्या सुट्ट्यांतून निवड करावी लागली. मुसलमानांनी दोन ईद ठेवल्या आणि मिलाद सोडला, हिंदूंनी दिवाळी ठेवली आणि थैपुसम सोडला. आपल्याकडे उलट झाले. मिलादची सुट्टी देशभर देण्याची घोषणा पंतप्रधान व्ही. पी. सिंग यांनी १५ ऑगस्ट १९९० रोजी केली. कपात कधी व्हायची असेल तर ती सर्वांना विचारून व्हावी आणि सर्वांवर सारखी पडावी. एकाचाच दिवस यादीतून गळाला, तर त्याला हिशेबाचे कारण पटणार नाही.

जानेवारी २०३१

आता एक तारीख वहीत लिहून ठेवा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरच्या चार सुपुत्रांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. चार नावे, आणि त्यांत सारे सोलापूर आले. १२ जानेवारी २०३१ ला त्या हौतात्म्याची शंभर वर्षे पूर्ण होतील. हिशेबाप्रमाणे रमजान डिसेंबर २०३० च्या अखेरीस सुरू होईल. म्हणजे शताब्दी रोजांमध्ये, लागूनच गड्ड्याची यात्रा, मग २५ च्या आसपास ईद आणि लगेच प्रजासत्ताक दिन. एकाच महिन्यात सोलापूरचे चार मोठे दिवस!

व्यापाऱ्यासाठी तो महिना बरकतीचा ठरेल किंवा गोंधळाचा, हे आधीच्या तयारीवर आहे. सुताची मागणी, गड्ड्यावरची जागा, गड्यांची पाळी, इफ्तारची वेळ, मिरवणुकीचे रस्ते, हे सारे यात्रेच्या पंचांशी, इतर बाजारपेठांशी आणि पोलीस खात्याशी बसून ठरवता येईल. मोहल्ल्याच्या जबाबदार मंडळींनी आतापासून पुढाकार घ्यावा. कुर्बान हुसेन गिरणी कामगारांत उठबस करणारा तरुण होता. त्याच्या शताब्दीच्या दिवशी सोलापूरचा एकही कारागीर आपल्या मजुरीला मुकला नाही, तर त्याला याहून चांगली श्रद्धांजली कोणती?