पत्रिका सोबत असेल तर

महाराष्ट्राच्या खेड्यात गरोदर बाईची काळजी एकाच डॉक्टरकडे नसते. दिवस गेल्याचे बहुधा आशाताईला आधी कळते. नोंदणी उपकेंद्राची नर्स करते, तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी करतात आणि गुंतागुंत दिसली की ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय गाठावे लागते.

नोंदणी १२ आठवड्यांच्या आत व्हावी आणि बाळंतपणापर्यंत किमान चार तपासण्या व्हाव्यात, असा नियम आहे. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, धनुर्वाताचे इंजेक्शन, चौथ्या महिन्यापासून लोहाची रोज एक गोळी, ही कामे गावाजवळच होतात. त्यासाठी तालुक्याला जायची गरज नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ मात्र गावात नसतो. म्हणून २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांत गरोदर मातांची खास तपासणी होते. त्या दिवशी जोखमीच्या मातेच्या माता-बाल संरक्षण पत्रिकेवर लाल खूण लागते, जोखीम नसेल तर हिरवी. हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली गेले किंवा रक्तदाब १४०/९० वर पोहोचला, तर तिची जबाबदारी मोठ्या रुग्णालयाने उचलायची असते.

या सगळ्यांना जोडणारा दुवा म्हणजे हीच पत्रिका. पत्रिकेत प्रत्येक वेळी रक्तदाबाचा आकडाच लिहायला हवा, नुसते ‘नॉर्मल’ लिहून भागत नाही. चौथ्या महिन्यात ११०/७० आणि आठव्यात १३४/८६ असेल, तर दोन्ही आकडे मर्यादेच्या आतच आहेत. पण ते शेजारी शेजारी दिसले की नव्या डॉक्टरला चढ कळतो आणि तो तिला आठवड्याने पुन्हा बोलावतो.

नवा डॉक्टर तर येतोच. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते. तालुका बदलतो, कधी जिल्हाही. ऊसतोडीला निघालेल्या जोडप्याचा मुक्काम पाच-सहा महिने कारखान्याच्या तळावर पडतो. अनेकजणी सोनोग्राफीसाठी खासगी दवाखान्यात जातात आणि तिथला अहवाल पिशवीतच राहतो, पत्रिकेत चढत नाही. साखळी तुटते ती इथे. सासरच्या नर्सने माहेरच्या उपकेंद्राला एक फोन केला तरी पुष्कळ फरक पडतो, आणि जोखमीच्या मातेसाठी तो करायलाच हवा.

सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, लागल्यास रक्त आणि घरून दवाखान्यापर्यंत जायची-यायची गाडी २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमातून मोफत आहे. दुर्गम आदिवासी भागात काही आरोग्य केंद्रांजवळ ‘माहेरघर’ असते. नदी-नाले ओलांडावे लागणारी बाई तारखेच्या आधीच तिथे राहायला येते. दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताईने ४२ दिवसांत सहा वेळा घरी जाऊन आई व बाळाला पाहायचे असते. पहिली भेट तिसऱ्या दिवशी.