उदासीनतेचा आजार पुन्हा का उलटतो?



कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या अवतीभवती बऱ्याच घरांत आता दोन-दोन कामं चालतात. दिवसा ऊस नि जनावरं, रात्री कारखान्याची पाळी. पाळी नसेल त्या रात्री लाईट आली की पाणी पाजायला रानात जायचं. वर सोसायटीचं कर्ज. अशा घरात कुणाला उदासीनतेचा आजार होऊन गेला असेल, तर ही माहिती घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

उदासीनता म्हणजे दोन दिवसांची मरगळ नव्हे. दोन आठवडे किंवा जास्त दिवस मन कशात लागत नाही, झोप उडते, अन्न जात नाही, जगणं नकोसं वाटतं, तो हा आजार. औषधानं आणि समुपदेशनानं तो बरा होतो. पण एकदा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना तो पुन्हा होतो, आणि जितक्या वेळा होईल तितकी उलटण्याची भीती वाढते. हराळी वरून खुरपली तरी मुळी जमिनीत राहते, तसंच हे.

ताण आणि दाह

पायात काटा मोडला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. यालाच दाह म्हणतात. काम झालं की दाह ओसरला पाहिजे. तो आवरतो कॉर्टिसॉल नावाचा रस. मूत्रपिंडावरच्या लहान ग्रंथींतून तो येतो, आणि ताण आला की वाढतो. चार दिवसांचा ताण अंगाला सोसतो. महिनोन् महिने ताण राहिला, तर पेशी त्या रसाचं ऐकेनाशा होतात. मग बाहेर सूज दिसत नसली तरी आत मंद दाह धुमसत राहतो. त्यातली द्रव्यं मेंदूपर्यंत इशारा पोचवतात. तापात जसं पडून राहावंसं वाटतं, अन्न नको, माणूस नको होतं, तशी गत होते. बऱ्या झालेल्या माणसाचा आजार इथून उलटू शकतो.

प्रत्येक रोग्यात हा दाह नसतो. रक्त तपासलं तर साधारण चारांत एकाला तो वाढलेला आढळतो.

काय करावं?

१. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने, आणि वारंवार आजार झालेल्यांनी दोन वर्षं किंवा जास्त त्या घ्याव्या लागतात. बंद करायच्या त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं, हळूहळू.

२. रात्रपाळीहून आल्यावर थेट रानात जाऊ नका. खोलीत अंधार करून सलग झोप घ्या.

३. किडका दात, सुजलेल्या हिरड्या, वाढलेली साखर, न भरणारी जखम यांनीही दाह राहतो. वेळीच इलाज करा. तंबाखू, दारू सोडा.

४. दाहावर म्हणून दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून खाऊ नका. उदासीनतेच्या काही गोळ्यांबरोबर त्या घेतल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

५. फवारणीची औषधं कुलपात ठेवा. किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडं द्या.

घरच्यांनी काय पाहावं?

भल्या पहाटे जाग येणं, चिडचिड, बोलणं कमी होणं, डेअरीला जायचं टाळणं, या आधीच्या खुणा. ‘नाटकं करतोस’ असं म्हणू नका. मरणाची भाषा केली तर एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

यात लाज कसली? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पानं गावातल्याच माणसांना शिकवून या आजाराची घरोघर माहिती दिली. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. उदासीनतेच्या १०० रोग्यांत आधी जेमतेम ४ जण मदत घेत होते, ते २७ झाले. त्यांना जमलं, ते आपल्याकडंही जमेल.

कोल्हापूरला सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे. ‘टेलिमानस’ची १४४१६ ही सरकारी फोनसेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन फुकट, रात्रंदिवस, आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर दाराआड खडूनं लिहून ठेवा.