जुन्या फोर्कलिफ्टचा जीर्णोद्धार

जड पेटी गाडीवर चढवितांना चौघेही जण सावध असतात. तीच पेटी खालीं ठेवतांना एकाचा हात किंचित् सैल पडला, कीं दुसऱ्याचें बोट चेंगरतें. चढविण्यास बळ लागतें, उतरविण्यास ताबा लागतो. वखारींतून आणि गोद्यांतून माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्ट या यंत्राचीही हीच कथा आहे. आणि जुन्या फोर्कलिफ्टचा जीर्णोद्धार करूं पाहणारानें ती प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे.

या यंत्राचा उगम अमेरिकेंत झाला. मिशिगन संस्थानांतील बुकॅनन गांवीं क्लार्क कंपनीनें 1917 सालीं आपल्याच कारखान्यांतील माल हलविण्यासाठीं एक लहान मोटारगाडी तयार केली. पुढें 1923 सालीं येल कंपनीनें उभ्या खांबांवरून वर चढणारे पोलादी सुळे असलेली गाडी काढली. दुसऱ्या महायुद्धांत सैन्याची रसद हलविण्याच्या कामीं अशा गाड्या फार उपयोगी पडल्या, आणि युद्धानंतर त्या सर्वत्र रूढ झाल्या. त्या घडणीचीं यंत्रें जाड पोलादाचीं व साध्या रचनेचीं असल्यामुळें तीं भंगाराच्या भावानें घेऊन पुन्हां चालतीं करण्याचा उद्योग कित्येक कारागीर आवडीनें करतात.

सुळे चढतात ते तेलाच्या दाबानें. कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांनीं सारखाच पसरतो, हा सतराव्या शतकांत फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यानें सांगितलेला नियम येथें राबत असतो. पंप तेल ढकलतो. तें नळकांड्यांत शिरून भरीव दट्ट्यास वर लोटतें. दट्ट्याच्या माथ्यावरील कप्पीवरून साखळी गेलेली असते. तिचें एक टोंक सांगाड्यास व दुसरें सुळ्यांस जोडलेलें असतें. म्हणून दट्ट्या एक हात चढला, तर सुळे दोन हात चढतात. मात्र दट्ट्यास भाराच्या दुप्पट जोर सोसावा लागतो. भार 2000 किलोग्रॅम असेल, तर दट्ट्यावर 4000 किलोग्रॅमचा जोर येतो. दट्ट्याचा व्यास 8 सेंटिमीटर धरला, तर क्षेत्रफळ सुमारें 50 चौरस सेंटिमीटर होतें. म्हणजे तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरास सुमारें 80 किलोग्रॅम असावा लागतो.

उतरतांना मात्र पंपाचें कांहींच काम नसतें. चालकानें दांडी सरकविली कीं झडप उघडते, आणि ओझें आपल्याच वजनानें तेल परत टाकींत ढकलीत खालीं येतें. त्या वेळीं त्याला आवरून धरणारी एका झडपेंतील अरुंद वाट तेवढी असते.

म्हणून जीर्णोद्धाराचा आरंभ रंगानें करूं नये. प्रथम साखळी मोजावी. नवी असतां 100 सेंटिमीटर भरणारा तिचा भाग 103 सेंटिमीटर भरूं लागला असेल, तर ती टाकून द्यावी. कड्या काढून ती आंखूड करणें हा उपाय नव्हे. मग सुळ्याची टांच, म्हणजे तो काटकोनांत वळतो ती जागा, तपासावी. तेथील जाडी एक दशांश झिजली असेल, तर सुळा बाद समजतात. कारण वांकविणाऱ्या जोरास तोंड देण्याची शक्ति जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत असते, आणि 0.9 चा वर्ग 0.81 होतो. दशांश झिजेनें जवळजवळ पंचमांश बळ जातें.

नंतर तेलाकडे वळावें. जुनें तेल काढून टाकी धुवावी, गाळणी बदलावी, तडे गेलेल्या रबरी नळ्या टाकून द्याव्या. गळती शोधतांना नळीवरून हात फिरविण्याची संवय फार घातक आहे. सुईच्या टोंकाएवढ्या भोंकांतून सुटलेली तेलाची धार कातडी भेदून आंत शिरते. वर टांचणीएवढाच व्रण दिसतो, पण तातडीनें शस्त्रक्रिया न झाल्यास हात गमवावा लागतो. गळती पुठ्ठ्याचा तुकडा धरून शोधावी. कोणताही सांधा सैल करण्यापूर्वीं सुळे जमिनीस टेकवावे, इंजिन बंद करावें आणि दांड्या पुढें-मागें हलवून उरलेला दाब उतरवावा.

आतां नियंत्रणाची पाळी. पूर्ण भार उचलून दांडी सोडावी आणि दहा मिनिटें वाट पाहावी. तेवढ्यांत तो 10 सेंटिमीटरांहून अधिक खालीं सरकला, तर तेल कोठें तरी वाट काढीत आहे. दट्ट्याच्या कडेनें तें बाहेर पाझरत असेल, तर दोष सीलचा. बाहेर सर्व कोरडें असेल, तर संशय झडपेंतील सरकत्या दांडक्यावर जातो.

सुधारणेस येथेंच खरा वाव असतो. जुनी झडप एकदम उघडत असेल, तर ओझें धक्क्यानें सुटतें. दांडक्याच्या कडेस बारीक खांचा असलेली झडप बसविली, तर तेलाची वाट हळूहळू मोकळी होते व ओझें बोट-बोट उतरवितां येतें. दुसरी सुधारणा याहून मोलाची आहे. नळकांड्याच्या तोंडाशींच वेग आवरणारी झडप बसवावी. भार वाढला कीं ती आपली वाट आपोआप अरुंद करते. त्यामुळें पुढची नळी फुटली, तरी ओझें कोसळत नाहीं. त्याचा वेग सेकंदास 0.6 मीटरहून अधिक नसावा, असा आजचा दंडक आहे. शिवाय, हात काढतांच प्रत्येक दांडी स्प्रिंगच्या जोरानें मध्यावर परत येते ना, हें पाहावें.

एका मोहापासून मात्र दूर राहावें. दाब मर्यादेबाहेर जातांच तेल टाकीकडे वळविणारी एक रक्षक झडप प्रत्येक यंत्रांत असते. तिचा स्क्रू आवळला कीं यंत्र अधिक ओझें उचलूं लागतें, आणि मालक खूष होतो. पण फोर्कलिफ्ट म्हणजे पुढच्या चाकांवर तोललेला तराजू आहे. एका पारड्यांत माल, दुसऱ्यांत पाठीमागचें लोखंड. स्क्रू आवळल्यानें तेलाचा दाब वाढतो, पाठीमागचें लोखंड वाढत नाहीं. म्हणून दाबमापक लावून कारखान्यानें ठरविलेलाच दाब कायम ठेवावा.

शेवटीं परीक्षा घ्यावी. प्रथम रिकाम्या सुळ्यांनीं, मग हलक्या आणि मग पूर्ण भारानें. सुळ्यांखालीं कोणासही उभें राहूं देऊं नये. पूर्ण भार अर्ध्यावर थांबवून दांडी सोडली असतां तो जेथल्या तेथें राहिला, आणि दांडी हलवितांच भरलेलें भांडें न हिंदकळतां ठेवावें तसा जमिनीस टेकला, म्हणजे यंत्र कामास लायक झालें असें समजावें. रंगाचा डबा त्यानंतर उघडावा.