बेताचा पैसा आणि खेळाचा संगणक

कुंभकोणम् हे नाव मराठी कानांना अगदीच परके नाही. एकोजीराजांच्या मागोमाग जी मराठी घराणी कावेरीकाठी गेली, त्यांतील कित्येकांनी तंजावरप्रमाणेच या गावीही बिऱ्हाड केले. तंजावरचे राज्य १८५५ साली संपले. परंतु घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, असा त्यांचा दुहेरी संसार पुढेही चालूच राहिला. राजा सर टी. माधवराव हे १८२८ साली याच गावी जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांचे दिवाणपद त्यांनी भूषविले, आणि त्रावणकोरवरील कर्ज फेडून तेथील तिजोरी त्यांनी मार्गी लावली. आज त्याच गावात एखाद्या मराठी घरातील मुलगा किंवा मुलगी बारावीनंतर ‘ज्यावर खेळ चांगले चालतील असा संगणक मला हवा’ असे म्हणते, तेव्हा घरातील कर्त्यापुढे जो प्रश्न उभा राहतो तोही दिवाणगिरीचाच असतो. रक्कम ठरलेली आहे, ती वाढणार नाही, आणि मागणारे हात मात्र अनेक आहेत.

खेळासाठी एवढा खर्च कशाला, असे काही वडीलधारी मंडळी विचारतील. त्यांना इतकेच सांगावेसे वाटते, की जे यंत्र आजचा खेळ नीट चालविते, तेच यंत्र स्थापत्याचे आराखडे, चित्रफितींचे संपादन आणि अभियांत्रिकीचा अभ्यास यांनाही पुरून उरते. याच्या उलट मात्र नेहमीच घडते असे नाही.

हा संगणक तयार विकत न घेता सुटे भाग निवडून जुळवून घ्यावा, अशी रीत आता रूढ आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, चेन्नईत रिची स्ट्रीट ही त्याची पेठ. कुंभकोणम् येथून चेन्नई सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. चुकीचा भाग घरी आला, तर तो बदलून आणण्यात एक दिवस आणि गाडीभाडे जाणार. म्हणून निवड आधी कागदावर व्हावी आणि खरेदी मागाहून.

प्रथम पडद्याचा विचार करू. पुष्कळ लोक तो शेवटी करतात, आणि मग सगळाच हिशेब उलटा पडतो. पडद्यावरील चित्र हे लहान लहान ठिपक्यांचे असते. सर्वसाधारण मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. म्हणजे एकूण २०,७३,६०० झाले. हलते चित्र डोळ्यांना सलग भासावे म्हणून ते सेकंदाला निदान ६० वेळा नव्याने काढावे लागते. गुणाकार केला, तर सेकंदाला १२ कोटी ४४ लक्ष १६ हजार ठिपक्यांचा रंग ठरवायचा, आणि एका चित्रासाठी सेकंदाचा साठावा भाग, एवढीच सवलत. आता हौसेने २५६० बाय १४४० चा मॉनिटर घेतला, तर ठिपके ३६,८६,४०० होतात. काम जवळजवळ पावणेदोन पटींनी वाढते आणि ते करणारे यंत्रही त्याच मानाने महाग घ्यावे लागते. तेव्हा बेताच्या पैशांत १९२० बाय १०८० चा पडदा घ्यावा आणि त्यातच समाधान मानावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

हे ठिपके रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांत फरक काय, असे विचारले जाते. खेळात चेंडू कोठे पडला, शत्रू कोणत्या भिंतीआड दडला, हे प्रोसेसर ठरवितो. त्याला मोजकेच पण हुशार कारागीर लागतात. एएमडीच्या रायझन ५ ५६०० या प्रोसेसरात असे सहा कारागीर, म्हणजे सहा कोअर आहेत. ठरलेले दृश्य रंगविणे हे काम वेगळे. ते लाखो ठिकाणी एकाच वेळी करायचे असते, आणि त्याला साध्या कारागिरांची फौज हवी. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या २०२३ सालच्या कार्डात अशा ३०७२ कोअर आहेत. मॉनिटर सोडून उरलेल्या रकमेतील शेकडा ३५ ते ४० भाग या एकट्या कार्डासाठी राखून ठेवावा, हा ठोकताळा बहुधा उपयोगी पडतो.

मग प्रोसेसर स्वस्तातला घेऊन सगळा पैसा कार्डातच का घालू नये? कावेरीच्या कालव्यांवर शेती करणाऱ्याला याचे उत्तर सांगावे लागणार नाही. कालवा कितीही रुंद असला, तरी शेतात येणारे पाणी हे वाटेतील सर्वांत अरुंद दारावरच ठरते. प्रोसेसरने सेकंदाला ५० दृश्येच तयार करून दिली, तर १०० रंगविण्याची ताकद असलेले कार्ड अर्धा वेळ रिकामे बसणार. आजच्या घटकेस सहा कोअरचा, अलीकडच्या पिढीचा प्रोसेसर ही मध्यम प्रतीची योग्य मर्यादा होय. आठ वा बारा कोअरचा मोह खेळणाऱ्याने टाळावा.

येथे बाजारातील एका युक्तीविषयी सावध केले पाहिजे. रंगीबेरंगी दिव्यांच्या पेटीवर ‘आय-सेव्हन’ असे नाव झळकते आणि किंमत मात्र आश्चर्य वाटण्याइतकी कमी असते. आत पाहावे तर २०११ सालचा कोअर आय ७ २६०० निघतो. त्यात चार कोअर असतात. पण २०२२ सालच्या साध्या आय ३ १२१०० मध्येही चारच कोअर असून तो त्याला सहज मागे टाकतो. नावातील मोठा आकडा हा मानाचा आहे. पिढी कोणती, हा प्रश्न कामाचा आहे. शिवाय विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ ही प्रणाली इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या प्रोसेसरांना अधिकृतपणे स्वीकारीत नाही. मुलांत लोकप्रिय असलेला व्हॅलोरंट हा खेळ विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षासोयींवाचून सुरूच होत नाही. तेव्हा तो जुना ‘आय-सेव्हन’ घरी आणल्यावर ज्या खेळासाठी तो आणला, तोच खेळ चालू नये, असा प्रसंग येतो.

कार्डांच्या नावांतही अशीच एक खोच आहे. २०२५ साली एएमडीचे आरएक्स ९०६० एक्सटी आणि एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०६० टीआय ही दोन्ही कार्डे प्रत्येकी दोन रूपांत आली: एकात ८ जीबी स्वतःची मेमरी, दुसऱ्यात १६ जीबी. नाव तेच, खोका तसाच. कार्डाची मेमरी म्हणजे चित्रकाराच्या हाताजवळचा रंगांचा पाट. पाट लहान पडला, की त्याला दर वेळी उठून कोठीतून रंग आणावे लागतात आणि चित्र अडखळू लागते. नव्या खेळांपैकी काहींना ८ जीबी आताच अपुरी पडते. पैसा अगदीच कमी असेल, तर ८ जीबीचे कार्ड घेऊन खेळातील चित्रांची बारकाई एक पायरी खाली आणावी. त्यात कमीपणा काही नाही. इंटेलच्या आर्क बी५८० या डिसेंबर २०२४ मधील कार्डाने १२ जीबी देऊन मधला मार्ग काढला आहे. मात्र ते जुन्या प्रोसेसराच्या जोडीला तितकेसे रमत नाही.

आता रॅम. ही गोष्ट समजावून सांगण्यास कुंभकोणम् इतके योग्य गाव दुसरे नाही. श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण येथील सारंगपाणी सन्निधी रस्त्यावरील घरात गेले. कागद महाग, म्हणून ते गणिते पाटीवर करीत. पाटी भरली की कोपराने पुसून पुढे जात, आणि हाती आलेला निष्कर्ष तेवढा वहीत उतरवीत. संगणकाची रॅम ही ती पाटी आणि एसएसडी ही ती वही होय. पाटीवरचे काम झपाट्याने होते, पण वीज गेली की पुसले जाते. वहीतले टिकते, पण वही उघडण्यास वेळ लागतो. पाटी लहान असली, तर पुसण्यातच वेळ जातो. खेळासाठी १६ जीबीची पाटी हवीच, आणि ती ८ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून घ्यावी; कारण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरकडे जाणाऱ्या वाटा दोन होतात. १६ जीबीची एकच पट्टी घेतल्यास किंमतीत थोडी बचत होते, परंतु वेग हातचा जातो. वही मात्र एनव्हीएमई प्रकारची आणि शक्य तर १ टीबीची घ्यावी. एकेक नवा खेळ १०० जीबीहून अधिक जागा व्यापतो. ५०० जीबीत असे चार खेळ राहिले तरी पुष्कळ झाले.

या पाटीचा भाव अलीकडे फार चढला आहे. २०२५ सालाच्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरीची प्रचंड मागणी केली. ही वस्तू जगात मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्याच कारखान्यांत होते. त्यांचा ओढा त्या मोठ्या गिऱ्हाइकांकडे वळला आणि घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याला महागाई आली. कॅलिफोर्नियातील धनको काय करतात याचा परिणाम कुंभकोणम् येथील एका घराच्या अंदाजपत्रकावर व्हावा, हे आजच्या जगाचे लक्षण म्हणावे लागेल.

या महागाईमुळे मदरबोर्डाचा प्रश्न थोडा नाजूक झाला आहे. एएमडीच्या एएम४ या जुन्या पद्धतीचा बोर्ड डीडीआर४ मेमरी घेतो; २०२२ सालच्या एएम५ ला डीडीआर५ लागते. एएम५ वर कंपनीने निदान २०२७ पर्यंत नवे प्रोसेसर देण्याचे म्हटले आहे, म्हणजे चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलून यंत्राला नवे बळ देता येईल. घरात किंवा ओळखीच्या ठिकाणी डीडीआर४ च्या चांगल्या पट्ट्या पडून असतील, तर एएम४ घ्यावा आणि वाचलेला पैसा कार्डात घालावा. तसे नसेल, तर एएम५ कडे जावे. बोर्ड साधाच घ्यावा. त्यावरील दिवे आणि सोनेरी अक्षरे यांनी खेळ वेगाने चालत नाही.

जेथे बहुतेकांची कसर चुकीच्या जागी होते तो भाग म्हणजे एसएमपीएस, अर्थात वीज पुरविणारी पेटी. ती दिसत नाही, म्हणून तिच्यात शे-पाचशे वाचविले जातात. भिंतीतील २३० व्होल्टची वीज ही पेटी उतरवून सर्व भागांना वाटते. तीच बिघडली, तर ती एकटी जात नाही. बोर्ड आणि कार्ड यांनाही बरोबर घेऊन जाते. कावेरीच्या मुलुखात ईशान्य मोसमी पावसात वीज येते-जाते, तेव्हा ही भीती कल्पनेतील नव्हे. ‘८० प्लस ब्राँझ’ असा शिक्का असलेली, नामांकित कंपनीची ५५० वॅटची पेटी या यंत्रास पुरते. या दर्जाची पेटी अर्ध्या भारावर घेतलेल्या विजेपैकी सुमारे ८५ टक्के कामी लावते. उरलेली उष्णता होऊन जाते. (कुंभकोणम् जवळच्या स्वामिमलई येथे मेणाच्या साच्यातून ब्राँझच्या मूर्ती ओततात. तेथील कारागिराला सांगितले पाहिजे, की या पेटीत ब्राँझ औषधालाही नसते!) भिंतीतील जोडणीला अर्थिंग आहे की नाही, हे कारागिराकडून तपासून घ्यावे, जुन्या घरांत ते असतेच असे नाही.

यूपीएस घेताना ‘६०० व्हीए’ या आकड्याने फसू नये. त्यातून साधारणपणे ३६० वॅटच मिळतात. आपले यंत्र खेळताना २५० ते ३०० वॅट घेणार, त्यात मॉनिटर मिळवला की सगळी शिल्लक संपते. वीज गेल्यावर त्यावर खेळत राहायचे नसून यंत्र शिस्तीने बंद करायचे आहे, एवढे मुलांना बजावले म्हणजे पुरे.

उष्णतेविषयी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पंखे कितीही लावले, तरी ते भागांना खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाहीत. कार्ड खोलीपेक्षा ४० अंशांनी अधिक तापत असेल, तर महाबळेश्वरी २० अंशांच्या हवेत ते ६० वर राहील आणि कुंभकोणम् येथे मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत ७८ वर जाईल. ७८ धोक्याचे नाही. पण पुढून काचेने बंद केलेल्या शोभिवंत कॅबिनेटमध्ये तेच ९० कडे सरकते. म्हणून समोर जाळी असलेले कॅबिनेट घ्यावे, ते भिंतीला टेकवू नये, आणि महिन्यातून एकदा जाळीवरची धूळ झाडावी.

इतके करूनही रक्कम पुरली नाही तर? दोन वाटा आहेत. एक वापरलेल्या कार्डाची. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि त्यासाठी रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे बाजारात उतरली. अशी कार्डे सरसकट वाईट नसतात. परंतु पंखे झिजलेले असतात आणि हमी संपलेली असते. अर्धा तास खेळ चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरी वाट मला अधिक पसंत आहे. रायझन ५ ८६०० जी सारखा, पोटातच बऱ्यापैकी ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन सुरुवात करावी. हलके खेळ त्यावर चालतात. वर्षभराने पैसा जमला की कार्ड बसवावे. बोर्ड, पेटी आणि कॅबिनेट तीच राहतात, आणि ऋण काढावे लागत नाही.

दुकानातून उठण्यापूर्वी १८ टक्के जीएसटी धरलेले पक्के बिल घ्यावे आणि प्रत्येक भागाचा अनुक्रमांक त्यावर लिहून घ्यावा. तीन वर्षांच्या हमीचा आधार तोच. आणि घरी आल्यावर मॉनिटरची तार मदरबोर्डाच्या भोकात न लावता ग्राफिक्स कार्डाच्या भोकात लावावी. ती बोर्डाला लावली, तर एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्श्याचे कार्ड आत स्वस्थ बसून राहते, आणि दोष मात्र दुकानदाराला दिला जातो.